चंद्राच्या गाडीत मिस इंगोले

चंद्रावर जायचं तर अंतराची अडचण फारशी येत नाही. ते अवघं तीन दिवसांचं आहे, असं पेपरात छापून आलं होतं. खरी अडचण आमच्या अमरावतीच्या राजापेठेत येते, आणि तीही नावाची.

एकोणसत्तर सालचा जानेवारी होता. संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला होता आणि उरलेला डब्यात दगड होऊन बसला होता. नाताळात तीन अमेरिकन माणसं चंद्राला प्रदक्षिणा घालून सुखरूप घरी आली होती. ती जशी गेली तशी आली, कोणाचं काही दुखलं-खुपलं नाही, त्यामुळे आमच्या आळीला त्यात फारसा रस उरला नव्हता. पण एका दुपारी पेपरच्या आतल्या पानावर, सरकीच्या भावाच्या खाली, चार ओळींची बातमी दिसली. अमेरिकेतली एक विमान कंपनी चंद्रावर उतारू नेण्यासाठी नावं नोंदवून घेत आहे. नोंदणीला पैसे नाहीत. पत्र पाठवावं, म्हणजे क्रमांकासह कार्ड येईल.

मी ती बातमी तीनदा वाचली. वाचायला मी माझी मीच शिकले. आमचे हे, म्हणजे किसनराव ढोले, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. रद्द झालेले मसुदे ते पाठकोरे म्हणून घरी आणायचे. मागच्या बाजूवर मी अक्षरं गिरवायची आणि पुढची बाजू वाचायची. त्यामुळे माझ्या बाराखडीत 'क' कमळाचा आला नाही, कार्यवाहीचा आला. अजूनही राग आला की माझ्या तोंडून 'सदर' आणि 'उपरोक्त' असले शब्द निघतात आणि भाजीवाली घाबरून जुडी वाढवून देते.

आता मला चंद्रावर जायचं होतं का, म्हणाल तर खरं सांगते, मला अकोल्यापलीकडं जायलाही सवड नव्हती. मला हवं होतं ते कार्ड. एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या नावानं एक पत्र आलं नव्हतं. पत्रं ह्यांच्या नावानं यायची. शेवटी, शाई संपता संपता, 'सौ. वहिनींस नमस्कार' एवढा माझा वाटा. नमस्कारावर काही माणूस कायमचं भागवू शकत नाही. पोस्टमननं आपलं नाव घेऊन हाक मारावी, आपण पदराला हात पुसत बाहेर जावं आणि पाकीट आपण फोडावं, एवढी माझी हौस. ती पुरी करायला जगात फक्त चंद्राची कंपनी तयार होती, त्याला मी काय करणार?

इंग्रजी पत्रासाठी मी खुशालराव मास्तरांकडं गेले. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते घराच्या ओसरीवर शिकवण्या घ्यायचे. त्यांनी बातमी वाचली, चष्मा काढून पुसला, आणि हसले नाहीत. हे मी त्यांचे उपकार मानते.

"वहिनी," ते म्हणाले, "याच्यात हसण्यासारखं काहीच नाई. कोणत्याही नव्या मुलखात पयले राजाचे लोक जातात, मंग फौज जाते, मंग व्यापारी जाते. अन् व्यापारी गेला का मंग आपल्यासारखे तिकीट काढून जातात. मूर्तिजापूरची छोटी गाडी कोणी आणली? कंपनीनं. पयल्या दिवशी लोकायनं तिच्या इंजिनाले नारळ फोडला, अन् दुसऱ्या दिवशी तिच्यात बकऱ्या घेऊन बसले. चंद्राचंही तसंच होईन. आता कंपनी मैदानात आली ना, मंग वेळ लागत नाई."

त्यांनी टाक शाईत बुडवला, तीन ओळी झरझर लिहिल्या आणि मान वर न करता विचारलं, "नाव?"

एवढंच विचारलं. पण असं सरळ माझं नाव कोणी विचारून इतकी वर्षं झाली होती, की तोंडाला काही सुचायच्या आत आतून कोणीतरी बोललं, "भागीरथा नत्थुजी इंगोले."

हे माझं माहेरचं नाव. लग्नात चौदा वर्षांची होते. ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं 'वच्छला' असं लिहिलं आणि त्या घटकेपासून मी वच्छला किसनराव ढोले. मतदारयादीत वच्छला, रेशनकार्डावर वच्छला. भागीरथा त्या तांदळाखाली कुठं गेली, याची चौकशी कोणी केली नाही. सासूबाईंनी त्याच तांदळाची खीर केली होती.

मी दुरुस्ती सांगणार होते. पण खुशालरावांनी लिहूनही टाकलं, बी. एन. इंगोले. वर वडिलांचं नाव लागलंय म्हणजे बाई अविवाहित, या इंग्रजी हिशेबानं त्यांनी पुढं 'मिस' जोडलं. मी म्हटलं, राहू द्या. चंद्रावर कोण बघतंय.

पत्र गुप्त ठेवायचं ठरलं होतं. ते गुप्त राहिलंही, पण फक्त ह्यांच्यापासून. ह्यांच्यापासून गुप्त ठेवायला काही विशेष करावं लागत नाही. घरात फायलीपलीकडं त्यांचं लक्ष नसतं. बाकी राजापेठेला तिसऱ्या दिवशी खबर होती.

सगळ्यात आधी शेजारच्या जाईबाई आल्या. वय सत्तर, दात तीन, आणि आळीतल्या प्रत्येक गोष्टीला त्यांची हरकत. सकाळी सूर्य वेळेवर उगवला तरी त्या दारात उभं राहून त्याच्याकडं संशयानं बघतात.

"काहून वं वच्छला, चंद्रावर चालली म्हणते? संकष्टी कशी सोडशीन?"

"म्हणजे?"

"चंद्र पाहून उपास सोडते ना बाई आपन. तू चंद्रावरच जाऊन बसली, तं उगवन काय? उपाशी मरशीन."

हा मुद्दा अमेरिकेत कोणाच्या ध्यानात आला असेल असं मला वाटत नाही. मी तो खुशालरावांपुढं मांडला. ते विचारात पडले आणि दोन दिवसांनी म्हणाले, "तिथून पृथ्वी दिसते. फोटो आलाय. पृथ्वी पाहून सोडाचा." हे जाईबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पृथ्वी पाहून उपास सोडाचा, तं इथंच काय वाईट हाय? पायाखाली पायलं का झालं."

मग माझ्या नणंदेचे यजमान जानराव वरुडाहून आले. त्यांचा संत्र्याचा व्यापार. ते आले की घरभर संत्र्याचा आणि तणसाचा वास येतो.

"वहिनी, एक पेटी घेऊन जाता येते का, इचारा त्याईले," ते चहा बशीत ओतत म्हणाले. "माल आठ दिवस टिकते. दिल्लीले वॅगन कधी कधी सा दिवस घेते. तुमी म्हणता चंद्र तीन दिवस. म्हणजे चंद्र आपल्याले दिल्लीहून जवळ पडते."

"पण तिथं गिऱ्हाईक कुठं आहे?"

"येईन ना. कंपनी काय रिकाम्या गाड्या पाठवून राहिली? माणूस आला का त्याले तहान लागते. पयला जो माल टाकीन, बाजार त्याचा."

जानरावांच्या आग्रहामुळे पत्राच्या शेवटी एक ओळ वाढली, की संत्र्याच्या पेट्यांचा वाहतुकीचा दर कृपया कळवावा. याप्रमाणे मिस इंगोले ही फळांची निर्यात करणारी अविवाहित बाई ठरली आणि पत्र जानेवारीच्या शेवटी परदेशी टपालाची तिकिटं लावून रवाना झालं.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. दुपारी साडेबाराला पोस्टमन श्रावण आळीत शिरायचा, तेव्हा मी काहीतरी काम काढून अंगणात असायची. एप्रिलच्या उन्हात अमरावतीत कोणी साडेबाराला अंगण झाडत नाही. मी झाडायची. जाईबाई म्हणाल्या, "झाड बाई, झाड. चंद्रावर सवय असलेली बरी. तिथं मायंदळ धूळ हाय म्हणते."

आणि ज्या दिवशी पत्र आलं, त्या दिवशी नेमकी मी नव्हते. ह्यांना सुट्टी होती आणि मी कुरड्यांचा चीक ढवळायला पलीकडच्या आळीत गेले होते. मला कळलं दुसऱ्या दिवशी. श्रावण पाणी प्यायला थांबला आणि सहज म्हणाला, "काल तुमच्या इथं विमानवाल्याचं पाकीट आलतं. मोठं झ्याक होतं बावा. साहेबानं वापस केलं."

मी तांब्या खाली ठेवला. "वापस केलं म्हणजे?"

"ते म्हणे असं कोणी राहत नाई इथं. अन् शेरा देल्ला, सही देल्ली. पक्कं काम."

संध्याकाळी हे आले. मी चहा दिला, आणि मसुद्यातली भाषा आवरून साधं विचारलं, "काल पत्र आलं होतं?"

"आलं होतं. पत्ता चुकलेला. कोणी मिस इंगोले." ते समाधानानं म्हणाले. "परदेशी पाकीट होतं. सरकारी नोकराच्या घरी कायले ती भानगड? मी बराबर शेरा मारून वापस केलं. या पत्त्यावर मिस इंगोले नावाची कोणतीही व्यक्ती राहत नाही."

"मी राहते."

ह्यांनी बशी खाली ठेवली. "तू ढोले आहेस."

"त्याच्या आधी कोण होते?"

ते विचारात पडले. मी पाहत होते. एकतीस वर्षं ज्या माणसाला आपण रात्रंदिवस ओळखतो, तो आपल्याच बायकोला ओळखायला किती वेळ घेतो, हे पाहण्यासारखं असतं. "इंगोले," ते अखेर म्हणाले, "हो, इंगोले. नत्थुजी इंगोल्यांची." आणि थांबले. पुढचं नाव त्यांना येईना. कपाळाला आठ्या घालून त्यांनी छताकडं पाहिलं, जणू तिथं जुनी नोंदवही टांगलेली होती. मी सांगितलं नाही. आपलं नाव आपण किती वेळा सांगायचं?

सगळी हकीकत सांगून झाल्यावर मी म्हटलं, "आता जा, आणि सांगा की शेरा चुकला."

तसे ते ताठ झाले. हे मऊ माणूस आहेत. भाजीत मीठ नसलं तरी बोलत नाहीत, उठून स्वतः घेतात. पण शेरा ही वेगळी गोष्ट आहे. "सव्वीस वर्षांच्या नोकरीत," ते म्हणाले, "मी दिलेला शेरा एकदाही मागं घेतलेला नाही. शिवाय शेरा चुकीचा नाही. मिस नाही ना या घरात? होती एक, आपली ललिता, ती लग्न होऊन नागपूरले गेली."

खरं कारण मला कळत होतं. शेरा बदलायचा म्हणजे आपल्याला आपल्या बायकोचं नाव माहीत नव्हतं, असं सरकारी टेबलावर शाईनं लिहून द्यायचं. कोणाला आवडेल?

मग मी एकटीच पोस्टात गेले. पोस्टमास्तर भले गृहस्थ होते. त्यांनी पाकीट कप्प्यातून काढून लांबून दाखवलं. निळं, जाड, आणि वरच्या कोपऱ्यात पंखांचं चित्र. त्यावर ह्यांच्या वळणदार अक्षरातला शेरा आडवा पसरलेला.

"बाई, सात दिवस ठेवतो. मग परत जाते," ते म्हणाले. "तुम्ही इंगोले याचा काही कागद?"

"कागद ढोल्यांचे आहेत."

"शाळेचा दाखला?"

"शाळेत गेले नाही."

"मग वकिलाकडून लिहून आणा. वच्छला उर्फ भागीरथा."

घरी येऊन हे सांगितलं, तसा ह्यांचा चेहरा आणखी पडला. "उर्फ?" ते म्हणाले. "उर्फ दरोडेखोरांना असतं. माझ्या हाताखालून किती कागद गेले. उर्फ असलेला एकही माणूस धड निघाला नाही." ढोल्यांच्या घराण्यात उर्फ लागू द्यायचं नाही, यावर ते ठाम राहिले.

त्या आठवड्यात आळीनं मला जेवढे सल्ले दिले, तेवढे अमेरिकेनं त्या तीन माणसांनाही दिले नसतील. कोणी म्हणालं, वरच्या साहेबाला भेटा. कोणी म्हणालं, रिद्धपूरला जाऊन डोकं टेकवा. जानरावांनी वरुडाहून कार्ड टाकलं, की काही करा पण दर काय आला तेवढं बघून घ्या. जाईबाई एकच म्हणाल्या, "भांड्यावर नाव नाई का तुह्यं?"

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं लेकीला लग्नात भांडी देतात, त्यांवर तिचं नाव ठोकून. वडिलांनी मला पाणी भरायचा तांब्याचा मोठा गुंड दिला होता. सासरी तशाच आकाराचे दोन होते, म्हणून सासूबाईंनी तो परत पाठवला होता. तो अकोल्याला भावाकडं असणार.

चौथ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी अकोल्याला गेले. दारात भाऊ चंद्रभान उभा होता. जिनिंग फॅक्टरीत काम करून त्याच्या भुवयांत कायमचा कापूस अडकलेला. "भागू, तू आलीस?" तो म्हणाला. एवढ्यानं मला हुंदका आला. त्याला वाटलं, कोणीतरी गेलं.

गुंड न्हाणीघरात होता. वहिनी, म्हणजे दुर्गाबाई, त्यात आंघोळीचं पाणी तापवायची. तीस वर्षांच्या धुरानं तो इतका काळा झाला होता की त्यावर सगळ्या इंगोल्यांची वंशावळ असती तरी दिसली नसती. आम्ही दोघी अंगणात बसलो, चिंच आणि राख घेऊन. घासता घासता दुर्गाबाईनं विचारलं, "नेशीन तं मंग आमी पाणी कशात तापवाचं?"

"चार दिवस उन्हाचं पाणी घ्या. एप्रिल आहे."

काठाच्या खाली आधी 'भा' निघाला. मग 'गी'. अक्षरं टिंबाटिंबांनी ठोकलेली, एक टिंब कुठं चुकलेलं. कासारानं घाईत केलेलं काम होतं, पण पुरं होतं. भागीरथा नत्थुजी इंगोले, खाली तिथी. दुर्गाबाईनं ओल्या बोटानं अक्षरांवरून हात फिरवला. "मले तं मालूमच नोतं," ती म्हणाली. "मी रोज याच्यातलंच पाणी अंगावर घेऊन राहिली."

परतीच्या गाडीत गुंड मांडीवर होता. चकाकत होता, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष. कंडक्टर म्हणाला, "बाई, सामानाचं तिकीट लागन. काय हाय याच्यात?"

"आत काही नाही. वर नाव आहे."

"नावाले तिकीट नाई," तो म्हणाला आणि पुढं गेला. सरकारी नोकरांतही मोठ्या मनाची माणसं असतात.

दुसऱ्या दिवशी तो गुंड मी पोस्टमास्तरांच्या टेबलावर ठेवला. सगळी कचेरी गोळा झाली. श्रावणनं नाव मोठ्यानं वाचलं. पोस्टमास्तरांनी चष्मा लावून तिथी पाहिली, बोटानं गुंड वाजवून पाहिला आणि म्हणाले, "काम चोख आहे. पण बाई, यावरून गुंडाचं नाव सिद्ध होतं. तुमचं नाही."

मी गुंड पदरानं पुसून कडेवर घेतला. त्यांनाच वाईट वाटलं. "शेरा ढोले साहेबांचा आहे," ते हळूच म्हणाले. "जबाबदार माणूस. मी तो खोडू शकत नाही. ज्यानं दिला, त्यानंच फिरवायला पाहिजे. सोमवारी थैली बंद होते."

घरी आले. गुंड ओसरीवर ठेवला. आमचे हे त्याच्याजवळून गेले तेव्हा त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवून माणूस जेवढा वळसा घालतो, तेवढा घालून गेले.

रविवारी दुपारी मी विचार करत बसले. भांडून हे वळले नसते. रडून वळले असते, पण मग ते कार्ड रडून मिळवलेलं झालं असतं. ते मला नको होतं. तेवढ्यात समोर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा दिसला. या माणसाच्या टेबलावर सव्वीस वर्षांत एकही अर्ज शेऱ्याशिवाय राहिलेला नाही, हे त्यांनीच मला हजारदा सांगितलं होतं. मी एक कागद ओढला, कोरी बाजू वर केली, आणि त्यांनीच नकळत शिकवलेल्या भाषेत लिहायला घेतलं.

'प्रति, मा. हेडक्लार्क साहेब. अर्जदार: भागीरथा नत्थुजी इंगोले. विषय: अर्जदार सदर पत्त्यावर राहते किंवा कसे, याबाबत निर्णय होणेबाबत. महोदय, अर्जदार सन एकोणीसशे अडतीसपासून आपल्या घरी राहत असून आपला स्वयंपाक, आपले आजारपण, आपल्या मातोश्रींचे आजारपण व आपली एक कन्या हे विषय तिने हाताळलेले आहेत. तथापि आपल्या शेऱ्यानुसार ती सदर पत्त्यावर राहत नाही. तरी ती एकतीस वर्षे कोठे राहत होती, याचा खुलासा व्हावा, ही विनंती.'

सही केली. आयुष्यात पहिल्यांदा त्या नावाची सही केली. वेलांटी जरा डगमगली. कागद ह्यांच्या फायलीवर ठेवला आणि मी जाईबाईंकडं शेवया वळायला निघून गेले.

आल्यावर पाहिलं, अर्ज तिथंच होता. वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं आवक क्रमांक पडला होता. शेरा नव्हता. रात्री जेवताना हे माझ्याकडं पाहून म्हणाले, "मसुदा चांगला आहे." मी म्हटलं, "शिकवलं कोणी?" ते म्हणाले, "मी नाही शिकवलं." आणि मग त्यांनी पुष्कळ वेळ भात कालवला.

सोमवारी सकाळी त्यांनी तपासणीच्या दिवशीचा कोट घातला. वर टोपी. एप्रिलमध्ये कोट. म्हणाले, "चल."

पोस्टात ते सरळ टेबलापाशी गेले. पाकीट मागितलं. पोस्टमास्तरांनी निमूट पुढं केलं. ह्यांनी आपलंच टोपणाचं पेन काढलं. निबाला शाई आली का ते अंगठ्याच्या नखावर पाहिलं. सगळी माणसं थांबली होती, श्रावण थैलीचं तोंड धरून उभा. ह्यांचा हात कागदावर टेकला आणि तिथंच राहिला. मला वाटलं, आता नाही लिहिणार. सव्वीस वर्षं ही काही थोडी नव्हेत.

मग त्यांनी लिहिलं. जुन्या शेऱ्याच्या खाली, तेवढ्याच वळणदार अक्षरात: 'वरील शेरा अपुऱ्या माहितीवर देण्यात आला. चौकशीअंती असे आढळले की, भागीरथा नत्थुजी इंगोले या सदर पत्त्यावर एकतीस वर्षांपासून राहतात. पाकीट त्यांच्याच हाती द्यावे.' खाली सही. सहीखाली ते नेहमी हुद्दा लिहितात. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'पती'.

पोस्टमास्तरांनी ते वाचलं, तारखेचा शिक्का मारला आणि पाकीट श्रावणच्या हाती दिलं. श्रावण चार पावलं मागं गेला, दारापर्यंत. तिथून त्यानं हाक दिली, "भागीरथाबाई इंगोले, पत्र." मी पदराला हात पुसले. ते कोरडेच होते.

पाकीट मी फोडलं, कोणाला हात लावू दिला नाही. आत छापील पत्र आणि एक गुळगुळीत कार्ड. त्यावर टंकलेलं नाव आणि एकतीस हजारांच्या पुढचा क्रमांक. म्हणजे माझ्या आधी एकतीस हजार माणसं रांगेत होती. "एवढी गर्दी असंन तं गाडी लवकर सुटन," श्रावण म्हणाला. खुशालरावांनी छापील पत्राचा अर्थ सांगितला, की प्रवास कधी ते आत्ता सांगता येत नाही, भाडं बहुधा पुष्कळ असेल, आणि तोवर धीर धरावा. संत्र्यांबद्दल काही नव्हतं. जानरावांना ते उत्तेजनच वाटलं. "नाई तं म्हटलं नाई ना त्याईनं," ते म्हणाले.

कार्ड मी देवाजवळ ठेवलं नाही. दाराशेजारी खिळ्याला, रेशनकार्डाच्या वर टांगलं.

त्यानंतर दुपारची आमच्याकडं वर्दळ सुरू झाली. बाया यायच्या, कार्ड पाहायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या आणि उठता उठता विचारायच्या, "तिकडं अजून नावं घेऊन राहिले का?" खुशालरावांच्या पत्राची नक्कल माझ्याकडं होती. नावाची जागा सोडली तर बाकी मजकूर तोच. मी इंग्रजी अक्षरं बघून बघून उतरवायला शिकले. पहिल्यांदा सुंदराबाई आल्या, त्या माहेरच्या ठकू निघाल्या. गोदाबाई निघाल्या सखू. वीस वर्षं ज्यांच्याशी विरजणाची देवाणघेवाण केली, त्यांची मला नव्यानं ओळख झाली. मे संपेपर्यंत आमच्या आळीतून चंद्रासाठी अकरा अर्ज गेले. टपालाची तिकिटं आणायला हे स्वतः जायचे. अशा परदेशी पत्रांना परवानगी कुठली घ्यायची याचीही चौकशी त्यांनी केली. तसा काही नियमच नाही, असं उत्तर आलं, तेव्हा ते जरा हिरमुसले.

जाईबाई सगळ्यांत शेवटी आल्या. दार लोटून घेतलं आणि पाटावर न बसता भिंतीशी टेकल्या.

"मले काही त्या चंद्रावर जाचं नाई," त्या म्हणाल्या. "गुडघे नाई चालत. पण कागद आला, तं तो माह्या नावानंच येईन ना? पोराच्या नावानं तं नाई ना?"

"तुमच्याच नावानं."

"मंग लिव."

मी कागद घेतला, वरचा मजकूर उतरवला आणि माहेरचं नाव विचारलं. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं. मी ते आधी मराठीत लिहिलं, मग त्याच्याखाली इंग्रजीत. जाईबाईंना वाचता येत नाही. त्या पुढं वाकल्या आणि शाई ओली असतानाच अक्षरांकडं बघत राहिल्या.

"काय लिवलं, वाच बरं."

मी वाचलं.

"पुन्यांदा वाच," त्या म्हणाल्या.